कातड्याचे डाग आणि कातड्याची पारख



ज्या मानवतात कापसाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथील श्रोत्यांना मालाची पारख म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाने सांगण्याची गरज नाही. रुईची चिमूट दोन बोटांत धरायची, धागा ओढून पाहायचा आणि भाव बोलायचा, ही विद्या येथे अनेकांच्या बोटांत आहे. परंतु तेच गृहस्थ चप्पल किंवा कमरेचा पट्टा घ्यायला निघाले म्हणजे फक्त चकाकी पाहतात आणि घासाघीस करतात. पुढे महिन्याभरात अंगठा तुटला की शिव्या खातो तो चांभार. वास्तविक शिवणाऱ्याच्या हाताचा दोष क्वचितच असतो. दोष बहुधा कातड्यातच असतो. ते कातडे घेणाऱ्याला एक तर तो दिसला नाही, किंवा दिसूनही उधारीच्या ओझ्यामुळे बोलता आले नाही. म्हणून कातड्याची पारख ही जशी गिऱ्हाइकाच्या फायद्याची गोष्ट आहे, तशीच ती कारागिराच्या अब्रूची आणि मजुरीचीही गोष्ट आहे.

मी या शास्त्राचा पंडित नव्हे. शाळा चौथीत सुटली. कामगार संघटनेच्या कामात चर्मकामगारांच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या आणि त्या समजून घेण्यासाठी कातडे समजून घ्यावे लागले. शिकवणारे गुरू म्हणजे रापी धरणारे हात. त्यांनी जे दाखविले व पुढे पुस्तकांतून जे ताडून पाहिले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कातडे म्हणजे काय ते पाहू. जनावराच्या अंगावरून निघते ते कच्चे कातडे, आणि कमावल्यावर होते ते चामडे. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते, वाळले तर लाकडासारखे ताठ होते. झाडांच्या साली व फळे यांत एक तुरट द्रव्य असते. ते कातड्याच्या तंतूंना धरून बसले म्हणजे कातडे कुजत नाही आणि वाळल्यावरही लवचिक राहते. सुपारी किंवा हिरडा चघळल्यावर तोंड आवळते, ते याच द्रव्यामुळे. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल ही जुनी साधने होत. केसांकडची बाजू गुळगुळीत, घट्ट व बारीक दाण्याची असते, आणि मांसाकडची बाजू तंतुमय व खरबरीत असते. मधल्या थरात तंतूंची आडवीतिडवी वीण असते, आणि चामड्याची सारी ताकद त्या विणीत असते. हे ध्यानात ठेवले म्हणजे कोणता डाग केवळ वरचा आणि कोणता खोल, हे ठरविणे सोपे जाते.

आता डाग येतात कोठून? पहिले डाग जनावराच्या हयातीतले. कातडे म्हणजे जनावराचे चरित्रच म्हणा ना! जन्मभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा येतो, सुजतो, घट्टे पडतात. त्या जागेचे चामडे जाड पण कडक व ठिसूळ होते. पराणीच्या आरेने पुठ्ठ्यावर बारीक छिद्रे पडतात. दुखण्यावर उपाय म्हणून गुरांना डागण्याची चाल होती. त्या डागणीची जागा काचेसारखी कठीण होते आणि पाणी किंवा रंग घेत नाही. बोरी-बाभळीच्या काट्यांचे ओरखडे लांबट असतात, आणि तारेच्या कुंपणाचे खोल असतात. गोचिडीच्या चाव्याने टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. २०२२ साली लम्पीची साथ महाराष्ट्रभर पसरली हे आपल्या स्मरणात असेलच. त्या आजाराच्या गाठी बऱ्या झाल्या तरी त्यांचे व्रण कातड्यावर राहतात, आणि गाठ खोल गेली असेल तर तेथे तंतूंची वीणच तुटलेली असते. ज्या धन्याने जनावर नीट जपले त्याचे कातडे स्वच्छ निघते. जनावराला दिलेला मार शेवटी बाजारभावात मोजला जातो.

दुसरे डाग मरणानंतरचे. जनावर मेल्यावर रक्त अंगातच राहिले तर शिरांच्या जाळ्या कातड्यावर उमटतात. सोलताना सुरी घसरली तर मांसाकडून काप पडतो. वरून काही दिसत नाही, परंतु तेथे चामडे अर्ध्या जाडीचेच उरलेले असते. सोलल्यावर आपल्या उन्हाळ्यात चार-सहा तासही फार होतात, एवढ्यात सडण्यास आरंभ होतो. म्हणून कातड्याच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के मीठ मांसाच्या बाजूने चोळावे लागते. मीठ कमी पडले किंवा उशिरा लागले तर केस चिमटीने ओढताच निघून येतात. अशा कातड्याचा दाणा कमावल्यानंतर फिकट, खडबडीत व मेल्यासारखा दिसतो, आणि जागोजाग वरचा पापुद्रा सुटतो. याला रंगाने झाकता येते, सुधारता येत नाही.

येथे थोडे थांबून एक सामाजिक गोष्ट बोलली पाहिजे. मेलेले जनावर ओढणे, सोलणे, कमावणे आणि शिवणे ही कामे आपल्या गावगाड्याने जातींवर वाटून टाकली होती. ओढण्याचे काम महारांकडे, कमावण्याचे ढोरांकडे, शिवण्याचे चांभारांकडे. काम सर्वांच्या गरजेचे होते, पण ते करणाऱ्याच्या वाट्याला विटाळ आला. मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९२७ सालच्या महाडच्या परिषदेतील उपदेश माणुसकीचा होता. ज्या कामात किंमत नाही आणि अपमान मात्र आहे, ते काम माणसाने का करावे? दुसऱ्या बाजूने वर्ध्याजवळ नालवाडी येथे १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. तेथे केवळ मेलेल्या जनावरांचीच कातडी घेत, आणि सोलण्या-कमावण्याचे काम शास्त्रशुद्ध रीतीने शिकवीत. या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटल्या तरी दोहोंतून निष्पन्न एकच होते. हे काम जन्माने लादण्याचे नसून शिकून करण्याचे आहे, आणि शिकून केलेल्या कामाला पुरता मोबदला मिळाला पाहिजे. सुरीचा एक काप चुकविणारा सोलणारा हजारो टाक्यांचे आयुष्य वाढवितो. त्याला कवडीमोल देऊन स्वच्छ कातड्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे, आणि शुद्ध अव्यवहारही आहे.

तिसरे डाग कमावतानाचे. आपल्याकडची जुनी पद्धत पिशवीची. कातडे शिवून त्याची पिशवी करायची, तीत सालीचे पाणी भरायचे व टांगून ठेवायचे. पाणी हळूहळू कातड्यातून झिरपते आणि कमावणी होते. अशा चामड्याच्या कडेला शिवणीची छिद्रे असतात, तेवढी कड वाया जाते. घाई केली तर बाहेरचे थर कमावले जातात आणि गाभा कच्चाच राहतो. तो ओळखण्याची खूण सोपी आहे. कडेचा ताजा तुकडा रापीने कापावा व छेद पाहावा. सर्वत्र एकसारखा रंग असेल तर कमावणी पुरी झाली. मध्ये पिवळट किंवा पांढुरकी, शिंगासारखी रेघ दिसली तर चामडे कच्चे आहे. ते पावसात भिजून फुगेल आणि उन्हात आक्रसेल.

दुसरी पद्धत क्रोमची, म्हणजे रासायनिक क्षारांची. मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास ती आणली, आणि विहिरीच्या मोटेसाठी असे चामडे वापरून पाहिले. मराठवाड्यातील जुन्या शेतकऱ्याला चामड्याची पारख होती ती या मोटेमुळेच. मोट गळू लागली तर पीक वाळे. मग पत्र्याची मोट आली, पुढे विजेचे पंप आले, आणि ती पारखही घरांतून गेली. क्रोमचे चामडे मऊ असते, कढत पाणी सोसते, आणि बुटाच्या वरच्या भागाला चांगले. सालीचे चामडे भरीव व ताठ, म्हणून तळ, पट्टे, वाद्या आणि नक्षीकाम यांस योग्य. छेदात निळसर-हिरवट झाक दिसली तर क्रोम समजावे. गंजका खिळा भिजविलेल्या पाण्याचा थेंब टाकला असता सालीच्या चामड्यावर काळा डाग पडतो, कारण हिरड्याची शाई होते तीच क्रिया येथे घडते. म्हणूनच ओले चामडे लोखंडी खिळ्याला टांगू नये. तो डाग कायमचा होतो, आणि तो बिचाऱ्या जनावराने आणलेला नसतो.

डाग कोठून येतात हे पाहिले. आता कोणत्या डागाला भ्यावे आणि कोणत्याला भिऊ नये ते पाहू. सर्व डागांचे तीन वर्ग करावेत. पहिला दिसण्याचा डाग, दुसरा टिकण्याचा दोष, आणि तिसरी लबाडी.

बरा झालेला काट्याचा ओरखडा, विरळ गोचिडीचे ठिपके, मानेवरच्या वळ्या, रंगातील थोडा फरक हे दिसण्याचे डाग. यांनी ताकद कमी होत नाही. चपलेच्या आतल्या थराला असे चामडे बिनदिक्कत लावावे. किंबहुना असे एखाददुसरे चिन्ह हा चामडे खरे असल्याचा दाखलाच होय. पृष्ठभाग अगदी आरशासारखा निर्दोष असेल तर उलट शंका घ्यावी, कारण दाणा घासून वर कृत्रिम लेप चढविला असण्याचा संभव असतो.

पांढुरका थर दिसला तर मात्र घाईने निकाल देऊ नये. तो तीन कारणांनी येतो. हिरड्याची पूड वर येते, ती ओल्या फडक्याने पुसली जाते आणि निरुपद्रवी असते. चरबी वर येते, ती हाताच्या किंवा दिव्याच्या उबेने विरघळते, तीही निरुपद्रवी असते. बुरशी मात्र उबेने जात नाही आणि तिला कुबट वास येतो. बुरशी वरवर असेल तर पुसून व वाळवून निभावते, पण तिचे काळे-हिरवे ठिपके आत उतरले असतील तर तो माल सोडावा.

टिकण्याच्या दोषांत सोलण्याचा काप, कच्चा गाभा, सडलेला दाणा, ठिसूळपणा आणि सैल दाणा येतात. काप पाहण्यासाठी चामडे प्रथम उलटे करावे. दुकानदार गुळगुळीत बाजू पुढे करतो, आपण मांसाकडची आधी पाहावी. बोटे फिरवीत जावे. जेथे खोबण लागेल तेथे खडूने खूण करावी. मग गुळगुळीत बाजू खिडकीच्या तिरप्या उजेडात धरावी, म्हणजे समोरच्या उजेडात लपलेले खड्डे सावली टाकतात. दाणा बाहेर ठेवून चामडे घट्ट दुमडावे. भेगा पडल्या तर ते जळके किंवा तेलावाचून वाळलेले आहे. पुन्हा दाणा आत ठेवून दुमडावे. बारीक सुरकुत्या पडून सोडताच नाहीशा झाल्या तर ठीक, मोठे पोकळ फुगवटे आले तर वरचा थर खालच्या विणीपासून सुटला आहे. एवढ्या परीक्षेला पाच मिनिटे पुरतात, आणि जो दुकानदार ही पाच मिनिटे देत नाही त्याचा माल न घेणे बरे.

एकाच चामड्यात सर्व भाग सारखे नसतात हेही लक्षात ठेवावे. पाठ व पुठ्ठा यांची वीण सर्वांत घट्ट असते. मानेचा व खांद्याचा भाग जाड पण वळ्यांचा असतो. पोट व पायांचा भाग सैल, तो ताणला जातो. तळ आणि कमरेचा पट्टा पाठीतून घ्यावा. पट्टा कण्याच्या रेषेने कापावा म्हणजे तो कमी लांबतो. पोटाचे चामडे आतल्या थराला, अस्तराला किंवा लहान पिशवीला लावावे. जनावराप्रमाणेही फरक पडतो. म्हशीचे चामडे जाड व भरड दाण्याचे, बैलाचे त्याहून बारीक दाण्याचे, शेळीचे पातळ पण चिवट, आणि मेंढीचे मऊ पण सैल, तिचा वरचा थर लवकर सुटतो. म्हशीत शेळीची नजाकत शोधणे किंवा मेंढीकडून पट्ट्याचे काम मागणे हा मालाचा दोष नव्हे, घेणाऱ्याच्या समजुतीचा दोष होय.

आता भावाचा हिशेब. वरचे चामडे चौरस फुटावर विकले जाते, तळाचे बहुधा वजनावर. समजा, पहिले चामडे २० चौरस फूट असून भाव १०० रुपये फूट आहे. एकूण २,००० रुपये झाले. डाग चुकवून मोठ्या पिशवीसाठी त्यातून १२ फूटच उपयोगी पडते. म्हणजे उपयोगी फूट सुमारे १६७ रुपयांना पडला. दुसरे चामडेही २० फूटच, पण भाव १३० रुपये. एकूण २,६०० रुपये, उपयोगी १७ फूट. तेव्हा उपयोगी फूट सुमारे १५३ रुपयांना पडला. महाग दिसणारे स्वस्त ठरले! परंतु काम बदलले की हिशेब बदलतो. समजा, आपल्याला लहान तुकड्यांच्याच वस्तू करावयाच्या आहेत. मग डागांच्या मधूनमधून तुकडे बसतात. पहिल्यातून १६ फूट निघाले तर फूट १२५ रुपयांना पडतो, आणि दुसऱ्यातून १८ निघाले तर सुमारे १४४ रुपयांना. आता पहिलेच किफायतशीर. म्हणून चांगले चामडे कोणते, हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या कामाला चांगले, असे विचारावे, आणि कामाचे नमुने कागदावर कापून बाजारात बरोबर न्यावेत.

तिसरा वर्ग लबाडीचा. वजनावर विकण्याच्या चामड्यात काही जण क्षार किंवा ग्लुकोज भरून वजन वाढवितात. असे चामडे दमट हवेत ओलसर लागते, पाण्यात ठेवल्यास भरलेला माल विरघळून जातो, आणि उरते ते पोकळ. दुसरी लबाडी पापुद्र्याची. जाड कातडे यंत्राने आडवे चिरून खालच्या निकृष्ट थरावर प्लास्टिकचा लेप देतात व त्यावर दाण्याचा ठसा उठवितात. हे नाव काढण्यापुरते चामडेच असते, पण सर्वांत ताकदीचा भाग त्यात नसतो. कड पाहिली की वरचा लेप सालपटासारखा वेगळा दिसतो. तिसरे रेक्झिन, त्यात चामडे मुळीच नाही. त्याचा कडेचा धागा जाळला तर प्लास्टिकचा वास येतो, चामड्याचा केस जळल्यासारखा. कृत्रिम माल विकणे हा गुन्हा नव्हे. तो खरा म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

आता कामगाराच्या बाजूने दोन शब्द. पुष्कळ ठिकाणी चामडे मालकाचे, रापी कामगाराची, आणि मजुरी जोडाप्रमाणे. एका चामड्यातून अमुक जोड निघालेच पाहिजेत असा दंडक असतो. चामडे डागी निघाले तर कामगारापुढे दोनच वाटा राहतात. डाग चुकवावा तर जोड कमी भरतात आणि मजुरी कापली जाते. डागावरच कापावे तर माल परत येतो आणि तरीही मजुरी कापली जाते. अशा एका तंट्यात आम्ही मागणी केली ती पगारवाढीची नव्हती. कापण्यापूर्वी मुकादम व कारागीर यांनी मिळून चामडे पाहावे, दोषांवर खडूने खुणा कराव्यात आणि वहीत नोंद करावी, एवढीच ती होती. ती मान्य झाल्यावर भांडणे कमी झालीच, शिवाय मालकाला आपला पुरवठादार कसा आहे हेही कळू लागले. घरी बसून काम करणाऱ्या कारागिरांनी चार-पाच घरांनी मिळून चामडे घ्यावे. एकट्याला उधारीवर उरलासुरला माल मिळतो. पाच जणांची रोख मागणी असली तर निवडून घेता येते, आणि पाठ, मान, पोट ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे वाटून घेता येतात. सहकाराचा हा साधा पाठ आहे.

आजच्या परिस्थितीत तर निवडीची कला अधिकच हवी. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. त्या कायद्याच्या गुणावगुणांत आज शिरत नाही. परंतु कारागिराच्या हाती त्यामुळे मुख्यतः म्हशीचे चामडे उरले, आणि बराच माल तामिळनाडू, कानपूर व कोलकाता येथून येतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलान शहरी प्राडा कंपनीने तशाच धाटणीच्या चपला मिरविल्या, आणि ओरड झाल्यावर त्यांचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे मान्य केले. जगाला आपल्या चपलेचा घाट आवडला ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु घाटाची नक्कल कोणीही करील. नीट कमावलेल्या, नीट निवडलेल्या चामड्याची आणि त्यामागच्या हाताची नक्कल करणे अवघड आहे. आपले बळ तेथे आहे.

तेव्हा गिऱ्हाइकांना माझी विनंती एवढीच. चप्पल घेताना ती उलटी करा, कड पाहा, वाकवून पाहा, आणि शिवणाऱ्याला विचारा की हे चामडे कोणते आणि जनावराच्या कोणत्या भागातले. त्याला उत्तर देता आले तर त्याच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. निरुपद्रवी डागासाठी त्याचा माल परत करू नका, आणि लेपाच्या चकाकीला भुलू नका. कारागिरांना विनंती अशी की दोष असेल तर तो लपवू नका, दाखवून भाव कमी करा. दाखविलेला डाग विश्वास वाढवितो, लपविलेला डाग धंदा बुडवितो. मानवतच्या बाजारात रुई पारखणाऱ्या बोटांना हे शिकायला फार दिवस लागणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.